रणगाड्यांना पोहायला शिकवणारा सेनापती

४ एप्रिल १९४४ ची पहाट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात, स्टडलंड नावाचा एक देखणा उपसागर आहे. शांततेच्या काळात तिथे सुट्टी घालवायला आलेली कुटुंबे वाळूत पाय पसरून बसत. त्या पहाटे मात्र किनारा लष्कराच्या ताब्यात होता आणि समुद्रात काही अंतरावर सपाट बुडाच्या नौका उभ्या होत्या. नौकांची तोंडे उघडली आणि उतरत्या फळीवरून एकामागून एक रणगाडे पाण्यात घसरू लागले. लांबून पाहणाऱ्याला ते रणगाडे वाटलेच नसते. पाण्यावर दिसत होत्या त्या कॅनव्हासच्या उघड्या डब्यांसारख्या काही वस्तू. त्या प्रत्येक डब्याखाली सोळा-सतरा टन पोलाद लटकत होते आणि त्या पोलादात जिवंत माणसे बसली होती.

निघताना समुद्र शांत होता. वाटेत वारा फिरला. लाटा वाढल्या, कॅनव्हासच्या काठावरून पाणी आत येऊ लागले. सहा सैनिक त्या दिवशी बुडाले. शत्रूची एक गोळीही सुटलेली नव्हती. ती केवळ रंगीत तालीम होती.

दोन महिन्यांनी नॉर्मंडीवर जी प्रचंड स्वारी व्हायची होती, तिच्या आघाडीला हेच पोहणारे रणगाडे जायचे होते. ते चालवणाऱ्यांना शिकवून तयार करण्याची जबाबदारी ज्या माणसावर होती त्याचे नाव मेजर जनरल पर्सी होबार्ट. वय अठ्ठावन्न. उंच, काटक, चष्मा लावणारा, जिभेचा तिखट. दोस्त राष्ट्रांच्या सैन्यात त्याच्यावर जीव टाकणारे जितके होते, तितकेच त्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणारेही होते.

रणगाड्यातल्या सैनिकाची भीती ही एक वेगळी जात आहे. पायदळातला शिपाई गोळी सुटली की जमिनीला चिकटतो, खड्डा शोधतो. रणगाड्यातला माणूस खिळलेला असतो. त्याचा सगळा भरवसा भोवतालच्या पोलादाच्या जाडीवर. आगीची भीती त्याला सतत असते. पण तिची तो सवय करून घेतो. पाण्यात उतरायचे म्हटले की हा भरवसाच उलटतो. जे पोलाद जीव वाचवते तेच आता तळाला ओढणार असते. आणि तरंगत ठेवणार कोण, तर मेणकापडासारखे एक कापड.

आपल्याकडे नदीकाठच्या गावात पोराला पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधत. पोर चार हात मारते आणि पुन:पुन्हा मागे हात नेऊन भोपळा जागेवर आहे ना ते चाचपते. या सैनिकांची अवस्था काही फार निराळी नव्हती. फरक एवढाच, की रणगाड्यातल्या चालकाला हात मागे नेऊन चाचपण्याचीही सोय नव्हती.

हे यंत्र चालायचे कसे, ते थोडक्यात सांगायला हवे. निकोलस स्ट्रॉसलर नावाच्या, मूळच्या हंगेरियन अभियंत्याची ही कल्पना. रणगाड्याच्या कमरेभोवती जलाभेद्य कॅनव्हासचा पडदा जोडायचा. पडद्यात रबराच्या छत्तीस उभ्या नळ्या. हवेच्या टाकीतून त्या नळ्या फुगवल्या की पडदा उभा राहतो आणि रणगाडा एका खोल होडीच्या तळाशी बसल्यासारखा होतो. होडी जेवढे पाणी बाजूला सारते तेवढा भार ती तोलते. शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व, दुसरे काही नाही. मागे दोन पंखे. इंजिनाची शक्ती पट्ट्यांबरोबर त्या पंख्यांनाही मिळते. या दुहेरी चालनेवरून इंग्रजीत त्याला डुप्लेक्स ड्राइव्ह म्हणजे डीडी म्हणत. सैनिकांनी अर्थातच त्याचे डोनाल्ड डक करून टाकले. जून १९४१ मध्ये लंडनजवळच्या ब्रेंट जलाशयात एका हलक्या रणगाड्यावर त्याचा प्रयोग झाला तेव्हा पाहायला जनरल ॲलन ब्रुक स्वतः हजर होता.

तलावात ते छान तरंगले. पण नॉर्मंडीसाठी निवडलेला शेर्मन रणगाडा तीस टनांहून जड होता. पाण्यातला वेग ताशी सात किलोमीटरच्या आसपास, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतका. पाच जणांपैकी रणगाड्याचा प्रमुख बुरुजामागच्या फळीवर उभा राहून पडद्याच्या काठावरून पाहू शकत असे. चालक मात्र खाली, पाण्याच्या पातळीखाली. त्याला ना किनारा दिसे, ना लाट. कानातल्या यंत्रातून वरचा माणूस डावे-उजवे सांगेल तेवढेच त्याचे जग. कॅनव्हासवर पाणी थडकल्याचा आवाज आणि पाणी उपसणाऱ्या पंपाची धडधड ऐकत त्याने बसून राहायचे.

अशा रणगाड्यात माणसांना बसायला लावणारा होबार्ट पाण्याशी अगदीच अनोळखी नव्हता. १४ जून १८८५ रोजी त्याचा जन्म झाला तो हिंदुस्थानात, नैनितालला. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये. मुलगा शिकायला इंग्लंडला गेला, वूलिचच्या लष्करी अकादमीतून १९०४ मध्ये रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाला आणि दोनच वर्षांनी पुन्हा हिंदुस्थानात आला. नेमणूक झाली बंगाल सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे रुडकीच्या प्रसिद्ध सफरमैना पलटणीत. गंगेच्या कालव्याकाठी वसलेले ते ठाणे. नदीवर पूल टाकणे, तराफे बांधणे, सैन्य या काठावरून त्या काठावर नेणे, हा सफरमैनांचा मूळ धंदाच.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये नव शापेलच्या लढाईत त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढे १९१६ मध्ये तो मेसोपोटेमियात गेला आणि तिथे डीएसओ झाला. मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक. महाराष्ट्राच्या अनेक गावांत या मोहिमेची आठवण पिढ्यानपिढ्या टिकली, कारण तैग्रिस नदीच्या वळणावर कुत या गावी जी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली, तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या. त्यानंतर जवळच शुमरान येथे २३ फेब्रुवारी १९१७ रोजी ब्रिटिश-हिंदी सैन्याने तैग्रिस ओलांडली. वल्ह्यांच्या उघड्या नावा आणि समोरच्या काठावर मशीनगन. मागून आलेल्या तुकड्यांना परत आलेल्या नावांतून आधी मेलेल्यांना आणि जखमींना उतरवून घ्यावे लागले. संध्याकाळपर्यंत पूल झाला आणि बगदादचा रस्ता खुला झाला. नदी ओलांडताना पात्राच्या मध्यावर माणूस किती निराधार असतो, हे त्या आघाडीवरच्या कुणालाही पुस्तकातून शिकायची गरज उरली नाही.

युद्ध संपल्यावर होबार्टने १९२३ मध्ये एक निर्णय घेतला. इंजिनिअर्ससारखे मानाचे दल सोडून तो नव्याने उभ्या राहिलेल्या टँक कोअरमध्ये गेला. त्या काळी ब्रिटिश लष्करातले बडे अधिकारी घोडदळातून आलेले. त्यांना रणगाडा म्हणजे तेलकट हातांच्या मिस्त्री लोकांचे खूळ वाटे. होबार्टला मात्र पक्के दिसत होते, की पुढची लढाई रणगाडे जिंकणार. क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात तो शिकवत असे तेव्हाही त्याच्या वर्गात हेच. तिथेच आणखी एक प्रकरण घडले. एका सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीवर त्याचे प्रेम बसले. तिचा घटस्फोट झाला आणि १९२८ मध्ये दोघांनी लग्न केले. संसार सुखाचा झाला. पण क्लबातल्या आणि मेसमधल्या सभ्य समाजाने त्याला त्याबद्दल कधीही पुरती माफी दिली नाही. रणगाड्यांवरून त्याच्याशी भांडणाऱ्यांच्या हाती हे एक जादा हत्यार आले.

याच सुमारास, १९२७ मध्ये, त्याच्या बहिणीने, बेटीने, एका अबोल, एककल्ली अधिकाऱ्याशी लग्न केले. बेटी विधवा होती, पदरी दोन मुलगे होते. नवऱ्याचे नाव बर्नार्ड मॉन्टगोमेरी. पुढे एल अलामीनला रोमेलला हरवणारा तो हाच. दहा वर्षांनी समुद्रकिनारी सुट्टीवर असताना बेटीला एक कीटक चावला, विष भिनले, पाय कापावा लागला आणि १९ ऑक्टोबर १९३७ ला ती गेली. मेहुण्या-मेहुण्यांमधला दुवाच गळून पडला. तरी नॉर्मंडीच्या वेळी दोघांना एकत्र काम करायचे होते, आणि त्यांनी ते केले.

१९३४ मध्ये ब्रिटनची पहिली कायमची टँक ब्रिगेड होबार्टच्या हाती आली. १९३८ मध्ये त्याला इजिप्तला धाडले. तिथे जुनाट गाड्या आणि अपुऱ्या सुट्या भागांतून त्याने एक डिव्हिजन घडवली. पुढे वाळवंटातले उंदीर म्हणून जगभर गाजलेली सातवी आर्मर्ड डिव्हिजन ती हीच. वाळवंटात पहाटे उठवून, रात्री अंधारात चालवून त्याने माणसांना इतके पिळून काढले की ती त्याला शिव्या देत. १९३९ च्या अखेरीस वरिष्ठांशी खटके उडाले. जनरल विल्सनने प्रतिकूल अहवाल दिला, वेव्हेलने तो मान्य केला आणि होबार्टला घरी पाठवण्यात आले. तो निघाला तेव्हा त्याच शिव्या देणाऱ्या सैनिकांनी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून त्याला निरोप दिला, असे सांगतात. वर्षभराने त्या डिव्हिजनने इटालियन सैन्याची धूळधाण उडवली. ती घडवणारा माणूस तेव्हा वाळवंटापासून फार दूर होता.

तो होता चिपिंग कॅम्पडन नावाच्या इंग्लिश खेड्यात, स्थानिक संरक्षण दलात. हुद्दा लान्स कॉर्पोरल. मेजर जनरल म्हणून निवृत्त झालेला माणूस आता गावातल्या दुकानदार-शेतकऱ्यांबरोबर रात्रीचा पहारा करत होता, आणि ते कामही, अर्थातच, तो फार मनापासून करत होता. जर्मन रणगाड्यांनी तेव्हा नुकताच फ्रान्स आडवा केला होता. वीस वर्षे होबार्ट जे सांगत होता नेमके तसेच करून. युद्धशास्त्राचा अभ्यासक लिडेल हार्ट याने वर्तमानपत्रात ही शोकांतिका मांडली. चर्चिलच्या कानावर गेले. चर्चिलने सेनाप्रमुखांकडे आग्रह धरला आणि बऱ्याच कुरकुरीनंतर १९४१ मध्ये होबार्टला अकरावी आर्मर्ड डिव्हिजन मिळाली. तीही त्याने घडवली. १९४२ मध्ये प्रकृती आणि वयाचे कारण काढून त्याला पुन्हा बाजूला करण्याचा घाट घातला गेला. चर्चिल पुन्हा मध्ये पडला.

एकदा नव्हे दोनदा काढून टाकलेल्या, सत्तावन्न वर्षांच्या या माणसाकडे मग एकोणऐंशीवी आर्मर्ड डिव्हिजन आली. मार्च १९४३ मध्ये ॲलन ब्रुकने त्याला बोलावून सांगितले, की या डिव्हिजनने नेहमीसारखी लढाई करायची नाही. किनाऱ्यावरचे अडथळे फोडणारी यंत्रे जमवायची, माणसे शिकवायची. याला कारण दिएप. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या त्या बंदरावर केलेल्या छाप्यात रणगाडे गोट्यांच्या किनाऱ्यावर रुतले, अडथळे फोडायला गेलेले इंजिनिअर उघड्यावर मारले गेले. होबार्टला आधी ही नेमणूक म्हणजे अडगळीत टाकणे वाटले. प्रत्यक्ष लढाईत आपला हात असेल का, ही खात्री करून घेतल्यावरच तो तयार झाला.

मग जी जत्रा भरली ती पाहण्यासारखी होती. साखळ्या गरगर फिरवून जमीन झोडपणारा आणि सुरुंग आधीच उडवून देणारा खेकडा. आग ओकणारी मगर. पाठीवर पूल वाहून नेणारे, खंदकात लाकडाच्या मोळ्या टाकणारे, मऊ वाळूवर सतरंजी अंथरत जाणारे रणगाडे. लोक त्यांना होबार्टच्या गमती म्हणून हसत. पण त्यातल्या कुठल्याही गमतीत बसणाऱ्या सैनिकाला डीडीसारखा प्रश्न पडत नव्हता. खेकड्यातला सैनिक फार तर मशीन बंद पडेल म्हणून घाबरे. डीडीतल्याला आपण कशात बसलो आहोत हेच मुळी पटत नव्हते.

या भीतीशी होबार्टच्या डिव्हिजनने जो व्यवहार केला, तो मला त्याच्या सगळ्या यंत्रांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. भित्रेपणा म्हणून तिला हिणवले नाही आणि गोड बोलून झाकलेही नाही. तिचे तुकडे केले आणि एकेका तुकड्याची तालीम केली. नॉर्फोक-सफोकच्या सीमेवर फ्रिटन नावाचे एक लांबट, झाडांनी वेढलेले तळे आहे. तिथे गुप्तपणे शाळा काढली. नौकेच्या दारासारखी खोटी फळी काठावर उभारली. आधी स्थिर पाण्यात, दिवसा, मग रात्री. पडदा फुगवायचा, उतरायचे, वळायचे, काठाला लागताच पडदा पाडून तोफ मोकळी करायची. हे इतक्या वेळा की हात आपोआप चालावेत.

त्याआधी गॉसपोर्टची विहीर. पाणबुडीच्या खलाशांना बुडालेल्या बोटीतून सुटायला शिकवतात ती नौदलाची जागा. तिथे एका खोल सिमेंटच्या हौदाच्या तळाशी रणगाड्याचा सांगाडा ठेवला होता. सैनिकांनी श्वसनयंत्र गळ्यात अडकवून आपापल्या जागी बसायचे. मग वरून पाण्याचा लोंढा सोडत. सगळ्यात अवघड गोष्ट हातपाय मारण्याची नव्हती. थांबण्याची होती. पाणी जोराने आत येत असताना झडपेतून बाहेर पडताच येत नाही. रणगाडा पुरता भरू द्यायचा, डोक्यावरून पाणी जाऊ द्यायचे, यंत्रातून श्वास घेत अंधारात आपली पाळी येईपर्यंत बसायचे आणि मग एकेकाने निघायचे. गुडघ्याला पाणी, कमरेला, छातीला, हनुवटीला; आणि बसून राहायचे. अनेकांना पुढे नॉर्मंडीपेक्षा ही विहीर जास्त आठवत राहिली. पण जो या विहिरीतून वर आला, त्याला एक गोष्ट कळलेली असे: बुडणे म्हणजे लगेच मरणे नव्हे. मध्ये काही सेकंद असतात आणि त्यांचा उपयोग करता येतो.

होबार्ट स्वतः सतत फिरत असे. पहाटे अचानक कुठल्याही तळावर उगवायचा, साध्या मेकॅनिकला प्रश्न विचारायचा, नवी सूचना कुणाचीही असो, ऐकून घ्यायचा. ढिलाई दिसली की मात्र अधिकाऱ्याची सर्वांदेखत सालटी काढायचा. हा त्याचा दोष होता. चुकीला क्षमा नाही असे म्हणणारा माणूस कधीकधी अडचण आणि चूक यांतला भेदही पाहत नाही. पण ज्या कामात पडद्याला राहिलेल्या एका भोकाने पाच माणसे जातात, तिथे प्रेमळ सेनापती कितपत उपयोगी पडला असता, हेही विचारले पाहिजे.

स्टडलंडचे सहा मृत्यू या सगळ्या तयारीनंतरचे. ते सैनिक चौथ्या-सातव्या ड्रॅगून गार्ड्स रेजिमेंटचे होते. दोनच आठवड्यांनी, १८ एप्रिलला, त्याच किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या भक्कम निरीक्षणगृहात राजे सहावे जॉर्ज, चर्चिल, आयसेनहॉवर आणि मॉन्टगोमेरी एकत्र उभे राहून स्वारीची तालीम पाहत होते. बेत बदलला नाही. समुद्र किती खवळला असता रणगाडे सोडायचे नाहीत, याचा विचार मात्र आता प्रत्येकाच्या डोक्यात होता. कॅनव्हासचा पडदा साधारण फूटभर उंचीच्या लाटा गृहीत धरून केलेला होता.

६ जूनच्या सकाळी नॉर्मंडीसमोर लाटा त्याच्या कितीतरी पट होत्या.

काय करायचे, हा निर्णय प्रत्येक किनाऱ्यावर त्या त्या नौकांवरच्या माणसांना घ्यावा लागला. ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकनांच्या ७४१ व्या टँक बटालियनने किनाऱ्यापासून पाच-सहा हजार यार्डांवर २९ रणगाडे पाण्यात सोडले. २७ बुडाले. काही तर फळीवरून उतरता उतरताच. एका नौकेवर पहिला रणगाडा बुडालेला डोळ्यांनी पाहिला गेला आणि उरलेले तीन मग नौकेनेच किनाऱ्याला पोचवले. पोहून पोचले ते फक्त दोन. त्यांच्या प्रमुखांना होड्यांची थोडीफार सवय होती आणि लाट आडवी अंगावर घ्यायची नाही हे ते जाणून होते, असे सांगतात. बाकीचे किनाऱ्यावरची ठरलेली खूण गाठण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वळत राहिले आणि लाटांना त्यांच्या पडद्याची लांब बाजू सापडली, असा एक निष्कर्ष समुद्रतळावरचे सांगाडे तपासल्यानंतर पुढे आला आहे. शेजारच्याच ७४३ व्या बटालियनचे रणगाडे मात्र समुद्राचा रंग पाहून सोडलेच नाहीत. नौकांनी ते थेट वाळूवर नेले.

बुडालेल्या रणगाड्यांतली बरीच माणसे वर आली. गळ्यातली श्वसनयंत्रे आणि हवेचे तराफे कामी आले.

ब्रिटिशांच्या स्वोर्ड किनाऱ्यावर तेराव्या-अठराव्या हुसार्सनी तसल्याच समुद्रात रणगाडे सोडले आणि त्यातले बहुतेक पोचले. वाळूला लागून पडदे पाडले तेव्हा समोरच्या जर्मन सैनिकांपुढे, होड्या समजून दुर्लक्षिलेल्या वस्तूंतून अचानक तोफा बाहेर आल्या. आणि गोल्ड किनारा? तिथे स्टडलंडला सहा सोबती गमावलेली तीच ड्रॅगून गार्ड्स रेजिमेंट होती. समुद्र पाहून त्यांना दूरवर पाण्यात सोडण्यात आले नाही. नौका पुढे काठापर्यंत गेल्या. त्या सकाळी त्यातल्या प्रत्येकाच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करणे फारसे कठीण नाही.

होबार्टची चमत्कारिक अवस्था अशी, की त्याची डिव्हिजन एकत्र अशी कधीच लढली नाही. तिचे तुकडे तुकडे करून दुसऱ्या सेनापतींना उसने दिले जात. कधी जीपमधून, कधी छोट्या विमानातून तो त्यांच्यामागे फिरे आणि आपली यंत्रे कशी वापरावीत, मुख्य म्हणजे कशी वापरू नयेत, हे सांगत राही. साठीला टेकलेला माणूस. पण थकलेला कुणाला दिसला नाही.

समुद्रानंतर आल्या नद्या. नदीची भीती समुद्रापेक्षा वेगळी. लाटा नसतात, पण प्रवाह असतो. आज संध्याकाळी जिथे उतरायला बरी जागा वाटली, ती मध्यरात्री पाणी चढले की उरत नाही. सर्वांत वाईट म्हणजे समोरचा काठ जवळ असतो. शत्रू पाहत असतो. समुद्रात बुडायची भीती, इथे बुडण्याआधी चाळण व्हायची. कारण कॅनव्हास गोळी अडवत नाही. आणि पोचल्यावर चिखल. ऑक्टोबर १९४४ मध्ये हॉलंडमध्ये शेल्टच्या रुंद मुखातून स्टॅफर्डशर यिओमन्रीचे डीडी रणगाडे सुमारे अकरा किलोमीटर पोहून गेले. एवढे लांब अंतर पोहून गेल्यावर त्यातले बरेचसे पलीकडच्या गाळात आणि बांधांपाशी अडकले. पाणी जिंकले आणि काठाने हरवले.

म्हणून ऱ्हाईनच्या वेळी होबार्टने सगळे लक्ष काठावर दिले. ऱ्हाईन ही जर्मनांची मानाची नदी, त्या भागात चारशे मीटरच्या वर रुंद, वसंतातले फुगलेले पाणी. तोपर्यंत त्याच्या हाती बफेलोही आल्या होत्या: पट्ट्यांनीच पाणी मागे सारत पोहणाऱ्या, तीसेक सैनिक नेणाऱ्या अमेरिकन बनावटीच्या चिलखती गाड्या. म्यूज नदीवर तालमी झाल्या. प्रवाह किती खाली नेतो याचा हिशेब करून वरच्या अंगाला उतरायच्या जागा ठरल्या. काही बफेलोंवर गुंडाळलेल्या सतरंज्या चढवल्या. त्यांनी आधी पलीकडे जायचे, चिखलावर सतरंजी अंथरायची आणि मग मागून येणाऱ्या पोहणाऱ्या रणगाड्यांनी त्यावरून वर चढायचे. ऐकताना साधे वाटते. शेल्टच्या काठावर जे घडले त्यानंतर कुणीतरी त्याचा विचार केला होता, एवढेच.

२३ मार्च १९४५ च्या रात्री नऊच्या सुमारास, तोफांच्या कानठळ्या बसवणाऱ्या माऱ्याखाली, एक्कावन्नाव्या हायलँड डिव्हिजनचे सैनिक बफेलोंत बसून रेस गावाजवळ पाण्यात उतरले. काही मिनिटांत पहिल्या गाड्या पलीकडे लागल्या. शुमरानला वल्ही मारत गेलेल्यांना हे स्वप्न वाटले असते. पहाटे स्टॅफर्डशर यिओमन्रीचे डीडी रणगाडे गेले. काहींचे पडदे फाटले, काही बुडाले, बहुतेक गेले. पुढच्या दोन-तीन दिवसांत चर्चिलही हौसेने बफेलोत बसून नदीपार जाऊन आला. २९ एप्रिलला याच यिओमन्रीने एल्बे नदीही ओलांडली.

त्याच एप्रिलमध्ये इटलीत दुसरी एक नदी ओलांडली जात होती, तीही सांगायला हवी. सेनिओ. पात्र लहान, पण दोन्ही काठांना उंच बांध आणि बांधांत मशीनगन. ९ एप्रिलला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, पाण्यातून आणि सुरुंगांतून दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाठीवर घेऊन मागे आले. मग पुन्हा पलीकडे जाऊन त्यांनी मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या अंगाभोवती पोलाद नव्हते, कॅनव्हासही नव्हता.

यंत्रे पुढे सुधारली, भीती फारशी बदलली नाही. डिसेंबर १९७१ मध्ये मेघना ओलांडताना आपल्या सैन्याकडे पीटी-७६ हे जन्मतःच पोहणारे रशियन रणगाडे होते, पडद्याची भानगड नव्हती. पण ते नद्यांच्या मानाने केले होते आणि मेघना म्हणजे जवळजवळ समुद्र. पोहता पोहता इंजिने तापत आणि मध्येच थांबावे लागे. गावकऱ्यांच्या नावांनी रणगाड्यांना ओढून नेले. तापलेल्या इंजिनासह पात्राच्या मध्यावर थांबलेल्या त्या सैनिकांना फ्रिटनच्या तळ्यातल्या माणसांची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

युद्ध संपले तेव्हा होबार्टची डिव्हिजन ब्रिटिश सैन्यातली सर्वांत मोठी आर्मर्ड डिव्हिजन होती. पट्ट्यांवर चालणारी दीड हजारांहून अधिक यंत्रे तिच्यात होती. ऑगस्ट १९४५ मध्ये ती मोडून टाकण्यात आली. किताब मिळाला होता, पदके मिळाली होती. फील्ड मार्शल वगैरे मात्र तो कधी झाला नाही. १९४६ मध्ये निवृत्त झाल्यावर काही वर्षे तो लंडनच्या चेल्सी रॉयल हॉस्पिटलचा उपप्रमुख होता. लाल डगले घातलेले म्हातारे निवृत्त सैनिक तिथे राहतात. त्यांची राहणी सुधारावी म्हणून हा पूर्वीचा खवट सेनापती आता कचेऱ्यांशी भांडत असे. १९ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचे निधन झाले.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर टॉरक्रॉस गावात आज एक काळा पडलेला शेर्मन डीडी उभा आहे. तालमीच्या वेळी बुडालेला हा रणगाडा तिथल्या एका गृहस्थाने १९८४ मध्ये समुद्रातून वर काढवला. त्याच्या मागच्या अंगाला दोन पंखे स्पष्ट दिसतात. कॅनव्हास अर्थातच उरलेला नाही. स्टडलंडचे व्हॅलेंटाइन रणगाडे मात्र अजून समुद्राच्या तळाशी आहेत. पाणबुडे तिथे जातात, माशांनी त्यांत घरे केली आहेत. वर किनाऱ्यावर, राजा आणि पंतप्रधान जिथे उभे होते त्या काँक्रीटच्या निरीक्षणगृहाजवळ, २००४ मध्ये एक छोटा दगड बसवण्यात आला. त्यावर ४ एप्रिलला गेलेल्या सहा जणांची नावे आहेत.